वैरणीची पारख

मराठी मुलखाच्या इतिहासात लढायांचे, तहांचे आणि सनदांचे वर्णन ज्या तपशिलाने झाले आहे त्या तपशिलाने, ज्या गवतकाडीच्या बळावर घोडदळ धावले आणि नांगरही चालला, तिचे वर्णन कोणी केलेले नाही. तरी या विषयाचा एक अत्यंत बोलका कागद सुदैवाने शिल्लक आहे. चिपळूणनजीक हलवर्ण येथे छावणीस असलेल्या लष्कराच्या अंमलदारांस शिवछत्रपतींनी १६७३ साली जे पत्र धाडले, त्यात पावसाळ्याच्या बेगमीचा दाणा व वैरण आताच बेपर्वाईने उडवली तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि मग लष्करचे लोक कुणब्यांच्या घरात शिरतील, हा इशारा तर आहेच. पण दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेली तर गवताला आग लागेल, इथवर त्या थोर राज्यकर्त्याची नजर गेली आहे. त्या पत्रात चिंता आहे ती वैरण पुरेल किती दिवस याची. कोणती वनस्पती जनावराला मानवते आणि कोणती बाधते, हे ज्ञान सरकारी दप्तरात कधीच नव्हते. ते रयतेपाशी होते.

त्या ज्ञानाची सूक्ष्मता पाहावयाची असेल तर सोलापूरकडील कडब्याच्या बाजारात जावे. शेकड्याच्या भावाने पेंढ्या घेणारा शेतकरी आधी पेंढी उचलून तिचे वजन हाताने अजमावतो, पाने झडली आहेत की टिकून आहेत हे पाहतो, ताट मोडून आतला गाभा पांढरा आहे की पावसाने काळवंडला आहे याची खात्री करतो, आणि शेवटी त्याचा तुकडा दाताखाली धरून गोडी चाखतो. मोहोळ येथे १९३० नंतरच्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ ही शाळू ज्वारी आजही लोकांच्या मनातून उतरलेली नाही, याचे कारण तिच्या भाकरीइतकेच तिच्या कडब्यातही आहे. १९६४ पासून संकरित ज्वारी आली, धान्याचा उतारा वाढला; परंतु तिचे बुटके ताट जनावरे आवडीने खाईनात, तेव्हा शेतकऱ्याने केलेली तक्रार ही अडाण्याची कुरकूर नव्हती, तो एका जाणत्या परीक्षकाचा अभिप्राय होता. पावसाने ताण दिलेली कोवळी, सुकलेली ज्वारी जनावराला लागते, हे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असे. त्या कोवळ्या ताटात हायड्रोसायनिक आम्ल निर्माण करणारे द्रव्य असते, हे डन्स्टन आणि हेन्री या रसायनज्ञांनी इंग्लंडात दाखवून दिले ते १९०२ साली.

या लोकज्ञानाची कठोर परीक्षा दुष्काळांनी घेतली. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९९-१९०० या दुष्काळांत दख्खनच्या पठारावर कडबा संपला, कुरणे करपली, आणि बांधावर हिरवा उरला तो फड्या निवडुंग. मूळचा अमेरिकेतला हा पाहुणा एरवी रयतेला नकोसा. पण त्याची फडी विस्तवावर धरून काटे जाळावेत, तिचे बारीक तुकडे करावेत आणि कडब्याच्या कुट्टीत मिसळून जनावरांपुढे टाकावेत, ही तजवीज त्या आपत्काळात पुढे आली. निवडुंगाच्या वजनात शेकडा ८५ ते ९० भाग पाणीच असते आणि प्रथिने अगदी अल्प. त्यामुळे नुसत्या निवडुंगावर ठेवलेले जनावर ढाळून अशक्त होते, मात्र सुक्या चाऱ्याची आणि थोड्या सरकीची जोड मिळाली तर ते तग धरते. पुढे १९२६ पासून दक्षिण हिंदुस्थानात निवडुंगावर कोचिनील जातीचा किडा सोडण्यात आला आणि काही वर्षांत त्याची बेटेच्या बेटे नाहीशी झाली. त्याचा उपद्रव टळला हे खरे. पण दुष्काळातला तो शेवटचा आधारही त्याबरोबर गेला, याचा विचार त्या वेळी फारसा झाल्याचे दिसत नाही.

प्रयोगशाळेचा मार्ग निराळा होता. १८६० नंतरच्या दशकात जर्मनीत गटिंगेनजवळच्या वेंडे येथे हेन्नेबर्ग आणि स्टोमान यांनी चाऱ्यातील पाणी, राख, प्रथिने, स्निग्धांश आणि तंतू वेगवेगळे मोजण्याची जी पद्धती बसवली, तीच थोड्याफार फरकाने जगभर रूढ झाली. परंतु अंकांनी सारेच उलगडत नाही. पाल्यात प्रथिने भरपूर असली तरी त्यांपैकी अंगी किती लागली हे कळण्यासाठी जनावराने खाल्लेला चारा आणि टाकलेले शेण दोन्ही दिवसेंदिवस तोलावे लागते. हे कष्टाचे काम १९२० नंतर बंगळूरला वॉर्थ यांनी केले, आणि के. सी. सेन यांनी पुढे भारतीय चाऱ्यांच्या पोषणमूल्यांची कोष्टके सिद्ध केली.

सुबाभळीची कथा या दोन्ही परीक्षांचे महत्त्व पटवते. उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने हे झाड आपल्या शेतकऱ्यांत रुजवले. त्याचा सुका पाला प्रथिनांनी समृद्ध, शेकडा २० हून अधिक. पण त्यात मिमोसीन नावाचे द्रव्य असते, आणि पाला अतोनात घातला तर जनावराचे केस झडतात, गळ्याची ग्रंथी सुजते. म्हणून एकूण चाऱ्यात त्याचे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आत ठेवावे, असा सल्ला दिला जातो. उसाच्या वाढ्यांचेही तसेच आहे. दुष्काळी छावण्यांतून ती गाड्यांनी येतात. पण त्यांतील ऑक्झलेट जनावराच्या अंगचे कॅल्शियम अडवून धरते, म्हणून जाणकार वाढ्यांबरोबर चुन्याची निवळी पाजावयास सांगतात.

मला खेद वाटतो तो एवढ्याचाच, की आपल्याकडे नव्या वैरणीची आठवण प्रत्येक वेळी जनावरे हाडांचे सापळे झाल्यावर झाली, आणि पहिला पाऊस पडताच ती बुजली. खानदेशातील अंजनाचा पाला, बाभळीच्या शेंगा, हादगा, शेवरी, बोरीचा पाला यांची पारख आमच्या धनगरांना पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि ती पारख असलेली माणसे आता थकत चालली आहेत. ज्यांच्या घरी अजून गोठा नांदता आहे त्यांनी आपल्या शिवारात कोणता पाला जनावर कोणत्या महिन्यात आवडीने खाते, कोणता हुंगून सोडते आणि कोणता कशाबरोबर मिसळल्यावर मानवतो, हे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत उतरवावे व जवळच्या कृषी विद्यापीठाकडे पाठवावे. आणि विद्यापीठांनीही ते नमुने पाऊसपाणी चांगले असतानाच तपासून घ्यावेत, छावण्या उघडण्याची वाट पाहू नये.