रोहिण्या लागल्या की पाटे उघडायचे

रोहिणी नक्षत्र लागलं की गावात भाताच्या तरव्याची गडबड सुरू व्हायची आणि आमच्या अंगणात जीप घोड्यांवर चढायची. आबा म्हणायचे, "पाऊस आधी पाट्यात शिरतो, मग पत्र्यात." पौडवरून मुळशी धरणाच्या कडेकडेने ताम्हिणीकडे ज्यांनी चार पावसाळे गाडी हाकली आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. टाटांच्या ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याच्या पाण्याला वळसे घालत हा रस्ता जातो. जून ते सप्टेंबर गाडीचं पोट इथे सुकतच नाही.

आमची जीप सरकारी लिलावातली, उंच बॉनेटची. हे मॉडेल अमेरिकेत विलीजने १९५३ साली आणलं आणि १९६८ मध्ये तिथे ते थांबलं. आपल्याकडे महिंद्राने ते पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवलं. फियाट आणि अँबॅसेडरला पाटे फक्त मागे असत, जीपला चारही चाकांवर. त्यामुळे आमच्या भागात जीपची तब्येत विचारायची तर इंजिनाआधी पाट्यांची विचारायचे.

पाटा म्हणजे पोलादी पानांची थप्पी. दोन्ही टोकांना डोळे वळवलेला मेन पाटा वर, त्याखाली एकेक आखूड पान. चाक दगडावर चढलं की थप्पी सपाट होते आणि प्रत्येक पान शेजारच्या पानावर जरासं सरकतं. सगळी करामत त्या सरकण्यात आहे. मध्ये गंज चढला की पानं एकमेकांना धरतात, गाडी लाकडासारखी आदळते, आणि एक दिवस घाटातच मेन पाटा तुटतो.

पाट्याची ही कमान मोटारीपेक्षा फार जुनी. लंडनच्या ओबडाया इलियटने १८०४ साली घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार कमानींचं पेटंट घेतलं. त्याआधी चांगल्या गाडीचा सांगाडा चामडी पट्ट्यांवर टांगलेला असे. मुंबईच्या व्हिक्टोरिया अशाच कमानींवर डुलत. पुढे मोटारी आल्या, तेव्हा दर हजार मैलांच्या आसपास सगळ्या सांध्यांना ग्रीस द्यायची शिस्त होती. विलायतेत शौकीन मालक पाट्यांवर चामड्याची खोळ शिवून घेत आणि आत ग्रीस भरत. आपल्याकडे वंगण हा शब्द बैलगाडीपासूनचा. साटीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. आबांचे वडील आसाला वंगण घालायचे, आबा पाट्यांना. माझ्या मते विद्या एकच.

आबांची रीत मी हाताने शिकलो. थप्पी वाईसमध्ये आवळल्याशिवाय सेंटर बोल्ट सोडायचा नाही. आवळली नाही, तर पानं उसळून हात फोडतात. सुटलेली पानं गोणपाटावर ओळीने मांडायची, कारण क्रम आणि दिशा चुकून चालत नाही. खूण करायला मी एकदा छिन्नी उचलली, तर आबांनी ती हातातून काढून घेतली. पोलादावर ओरखडा उठला की ते तिथूनच तडकतं. मग तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर, धातू उजळेपर्यंत. खालच्या पानाचं टोक वरच्या पानाच्या पोटात खाच पाडतं. त्या खाचेवरून आबा नख फिरवायचे. नख अडकलं की पान बाद. नाही अडकलं तर टोकाची धार कानशीने मोडायची.

मग ग्राफाइट ग्रीस, बोटाने पुसून राहील तेवढंच. जास्त नको. पानांचं आपसातलं घासणंही कामाचं असतं, गाडीची उसळी तेच जिरवतं. शॉकअप येण्याआधी तर बरीच भिस्त त्यावरच होती. शेवटी ग्रीसमध्ये बुडवलेल्या ताडपत्रीच्या पट्ट्या गुंडाळून सुतळीने बांधायच्या, जोड खाली ठेवून, म्हणजे शिरलेलं पाणी निथळतं. यू-बोल्ट आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवल्यावर, आणि थोडं अंतर चालली की पुन्हा एकदा.

रस्त्यारस्त्यावर 'वॉशिंग-ग्रीसिंग'च्या पाट्या लागल्या तशी ही मेहनत मागे पडली. खालून प्रेशरने पाणी मारायचं आणि वर डिझेलचा नाहीतर काळ्या ऑइलचा फवारा. गाडी दोन दिवस गप्प राहते, मालक खूष. मला ही पद्धत मान्य नाही. डिझेल पातळ, पहिल्या मोठ्या सरीत धुऊन जातं. उरलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि पानांच्या कडेला कानशीसारखी घासते. पाट्याच्या डोळ्यातला बुश रबरी असेल तर तेलाने तो फुगतो. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरने असे आमचे चारही बुश घालवले. आणि ते काळं ऑइल ओढ्याने जातं मुळेत. ज्या नदीवर आमची शेती उभी, तिच्यात ते सोडायचा हक्क कुणाला नाही.

तुमच्याकडे जुनी जीप, फियाट, अँबॅसेडर असेल, तर फवारा मारू देऊ नका. मृगाच्या आत एक दिवस काढा आणि पाटे उघडा. बाद पान मात्र भंगारात घालू नका, लोहाराकडे न्या. १९९४ साली ताम्हिणीत तुटलेल्या आमच्या मेन पाट्याचे दोन कोयते झाले. राबासाठी कवळं तोडायला अजून तेच लागतात.