पवनचक्कीच्या पात्यांना ‘विंगलेट’ची जोड

पवनचक्कीची पाती दुरून पाहणाऱ्यास संथ गतीने फिरताना दिसतात. प्रत्यक्षात मोठ्या पवनचक्कीच्या पात्याचे टोक ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने हवा कापत असते. वाऱ्याकडून मिळू शकणाऱ्या ऊर्जेचा काही अंश या टोकापाशी वाया जातो. तो वाचविण्यासाठी विमानाच्या पंखाप्रमाणे पात्याच्या टोकालाही वळण द्यावे, या कल्पनेवर गेली काही दशके संशोधन सुरू आहे. टोकाच्या अशा उभ्या किंवा वळणदार भागास ‘विंगलेट’ म्हणतात.

टोकाशी काय घडते?

पात्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. वारा वाहू लागला की त्याच्या एका बाजूस हवेचा दाब अधिक, तर दुसऱ्या बाजूस कमी होतो. दाबातील या फरकामुळे निर्माण होणारे बल पाते फिरविते. मात्र टोकाशी हवेला अडविणारे काही नसते. त्यामुळे अधिक दाबाची हवा टोकाला वळसा घालून कमी दाबाच्या बाजूस जाते व तेथे भोवरा तयार होतो. भोवऱ्यामुळे टोकाजवळील दाबाचा फरक कमी होतो, उपयुक्त बल घटते आणि गतीला होणारा विरोध वाढतो. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी १९१९ साली या हानीचे गणित मांडले. पात्यांच्या आराखड्यात ते आजही वापरले जाते.

ही हानी क्षुल्लक मानता येत नाही, याचे कारण वर्तुळाच्या भूमितीत आहे. पात्याच्या बाहेरील केवळ १० टक्के लांबीकडून झाडल्या जाणाऱ्या एकूण क्षेत्रफळाचा १९ टक्के भाग व्यापला जातो. जेथे सर्वाधिक वारा हाती येऊ शकतो, तेथेच भोवरा बाधा आणतो. वाऱ्यातील ऊर्जेपैकी ५९.३ टक्क्यांहून अधिक ऊर्जा कोणत्याही उघड्या पवनचक्कीस मिळविता येत नाही, ही ‘बेट्झ मर्यादा’ प्रसिद्ध आहे. आधुनिक यंत्रे या मर्यादेच्या बऱ्यापैकी जवळ पोहोचली असल्याने उरलेल्या एकेका टक्क्यासाठी अभियंत्यांची धडपड असते.

विमानाकडून पवनचक्कीकडे

पंखाच्या टोकाशी आडोसा उभारण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १८९७ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. परंतु साध्या सपाट आडोशाने जेवढा लाभ होई, तेवढाच हवेचा विरोध वाढे. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनबचतीला महत्त्व आले, तेव्हा ‘नासा’च्या लँग्ली संशोधन केंद्रातील रिचर्ड व्हिटकोम्ब यांनी या आडोशाला पंखासारखाच काटेकोर आकार दिला. १९७९-८० मध्ये केसी-१३५ विमानावर झालेल्या चाचण्यांत इंधनाची सहा ते सात टक्के बचत दिसून आली. त्यानंतर विंगलेट प्रवासी विमानांवर सर्रास दिसू लागले.

पवनचक्कीच्या क्षेत्रात जर्मनीच्या एनरकॉन कंपनीने वळविलेल्या टोकांची पाती व्यापारी यंत्रांवर आणली. ई-७० आणि ई-८२ ही तिची यंत्रे या वैशिष्ट्यासाठी ओळखली जातात.

लाभ किती?

डेन्मार्कच्या रिसो राष्ट्रीय प्रयोगशाळेतील जेप्पे योहानसेन व नील्स सोरेनसेन यांनी २००६ साली संगणकावर हवेच्या प्रवाहाची गणिते करून विंगलेटचे निरनिराळे आकार तपासले. विंगलेटची उंची पात्याच्या लांबीच्या दीड टक्का होती. वाऱ्याचा वेग सेकंदाला सहा मीटरहून अधिक असताना वीजनिर्मितीत ०.६ ते १.४ टक्के वाढ आढळली. त्याच वेळी यंत्राला मागे रेटणारा वाऱ्याचा जोर १ ते १.६ टक्क्यांनी वाढला. म्हणजे लाभ आणि भार जवळपास बरोबरीने वाढतात.

एक टक्का ऐकण्यास लहान वाटतो. परंतु दोन मेगावॉटचे यंत्र वर्षभर सरासरी २५ टक्के क्षमतेने चालते असे धरले, तर त्यातून सुमारे ४३ लाख ८० हजार युनिट वीज मिळते. त्याचा एक टक्का म्हणजे जवळपास ४४ हजार युनिट. अर्थात हा लाभ पूर्णपणे पदरात पडत नाही. वारा जोराचा झाला की यंत्र आपल्या कमाल क्षमतेवर पोहोचते व जास्तीची ऊर्जा सोडून देण्यासाठी पाती वळविली जातात. त्या काळात विंगलेटचा उपयोग शून्य. त्यामुळे मध्यम वाऱ्याच्या जागीच त्याचे महत्त्व अधिक.

लाभाची किंमत

टोकावर ठेवलेले वजन फार महाग पडते. पात्याची लांबी ४० मीटर व टोकाचा वेग सेकंदाला ७५ मीटर असल्यास तेथील केंद्रोत्सारी ओढ गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १४ पट होते. शंभर किलोचा विंगलेट पात्याला जवळपास १,४०० किलोच्या भारासारखा ओढतो. विंगलेट पात्याच्या प्रतलाबाहेर असल्याने ही ओढ पात्याला वाकवितेही. पाते वीस-पंचवीस वर्षे अखंड फिरायचे असल्याने धातूचे जोड आणि काचतंतूंचे थर या ताणाने थकतात. त्यातच वीज कोसळण्याचा धोकाही टोकालाच सर्वाधिक असतो.

लांबी की वळण?

विंगलेटला खरा प्रतिस्पर्धी आहे तो अधिक लांब पात्याचा. लांबी दीड टक्क्याने वाढविली तर झाडले जाणारे क्षेत्रफळ तीन टक्क्यांनी वाढते. विंगलेटच्या लाभाच्या ते दुपटीहून अधिक आहे. रिसोच्या संशोधकांनीही २००७ मध्ये हाच निष्कर्ष काढला. मात्र लांबीबरोबर पात्याच्या मुळावरील वाकविणारा भार साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढतो. म्हणून जेथे चक्राचा व्यास वाढविण्यास उंचीची, परवानगीची किंवा यंत्राच्या मजबुतीची मर्यादा आहे, तेथे विंगलेटचा विचार करावा, असे सूत्र निघते.

विमानतळावरील जागेच्या मर्यादेमुळे विमानांचे पंख अमर्याद लांब करता येत नाहीत. जमिनीवरील पवनचक्कीला अशी अडचण घाटरस्त्यांची असते. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे पठारांवर पाती चढविताना प्रत्येक वळण मोजावे लागते. मात्र वाकडे टोकही वाहतुकीस अवघडच. त्यामुळे ते सुटे नेऊन जागेवर जोडावे लागते.

महाराष्ट्रातील जुन्या पवनचक्क्यांपुढील प्रश्न यापेक्षा मोठा आहे. वनकुसवड्यासारख्या ठिकाणी सुरुवातीला उभी राहिलेली यंत्रे अवघ्या काहीशे किलोवॉटची होती. केंद्र सरकारने २०२३ साली जुनी यंत्रे बदलण्याचे व त्यांचे आयुष्य वाढविण्याचे सुधारित धोरण जाहीर केले. मोक्याच्या वाऱ्याची जागा अडवून बसलेल्या लहान यंत्राला टोक जोडून एखादा टक्का मिळवायचा, की त्याच्या जागी अनेक पट क्षमतेचे नवे यंत्र बसवायचे, हा निर्णय पैशाचा आणि जमिनीचा आहे. नव्याने उभारायच्या यंत्रात वळणदार टोक मूळ आराखड्यातच सामावून घेता येते. त्याची खरी उपयुक्तता तेथेच आहे. जुन्या पात्याला नंतर जोडलेले टोक मात्र वीज देण्यापूर्वी भाराचा हिशेब मागते.