बंगळुरूत हृदयरोगावर सरकारी योजनेतून उपचार : आधी दवाखाना, मग कागदपत्रे

छातीत दुखू लागल्यावर अनेक कुटुंबे आधी पैशांची जमवाजमव करतात किंवा शिधापत्रिका शोधत बसतात. हा वेळ रुग्णाला परवडणारा नसतो. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडल्यावर प्रत्येक मिनिटाला हृदयाच्या स्नायूचा काही भाग निकामी होत जातो. म्हणून रुग्णाला आधी दवाखान्यात न्या. कागदपत्रे नातेवाईक मागाहून आणू शकतात. तातडीच्या उपचारासाठी संदर्भपत्राची गरज नसते.

ही लक्षणे दिसताच १०८ वर फोन करा
• छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखे दुखणे
• दुखणे डावा हात, खांदा, जबडा किंवा पाठीकडे जाणे
• दरदरून घाम, धाप, उलटी, अचानक चक्कर
स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांना छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. केवळ धाप, थकवा किंवा मळमळ असली तरी 'पित्त झाले असेल' म्हणून थांबू नका. रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये.

उपचार कोठे मिळतात?
बंगळुरूमध्ये बन्नेरघट्टा रस्त्यावर जयनगर भागात श्री जयदेव हृदयविज्ञान व संशोधन संस्था आहे. ही कर्नाटक शासनाची स्वायत्त संस्था असून म्हैसूर आणि कलबुर्गी येथेही तिची रुग्णालये आहेत. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सी. एन. मंजुनाथ यांनी संचालक म्हणून अनेक वर्षे 'आधी उपचार, मग पैसे' हे तत्त्व येथे चालवले. ते २०२४ मध्ये बंगळुरू ग्रामीण मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले.

आपण बंगळुरूपासून दूर तालुक्याच्या गावी असाल, तर थेट बंगळुरूचा रस्ता धरू नका. जवळच्या तालुका रुग्णालयात जा. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अभिनेते पुनीत राजकुमार यांचे वयाच्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. त्यांच्या नावाने कर्नाटकात 'हृदय ज्योती' योजना चालते. तिच्यात समाविष्ट तालुका रुग्णालयात ईसीजी काढून तो मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांना दाखवला जातो. गरज असल्यास रक्ताची गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज हे महागडे इंजेक्शन तेथेच मोफत देतात आणि नंतर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवतात.

हृदयरोगतज्ज्ञ काय करतात?
१. ईसीजी : रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत काढणे अपेक्षित असते. सोबत रक्ताची तपासणी होते.
२. अँजिओग्राफी : मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून रक्तवाहिनी कोठे बंद आहे ते पाहतात.
३. अँजिओप्लास्टी : फुग्याने वाहिनी मोकळी करून तेथे स्टेंट, म्हणजे धातूची बारीक जाळी बसवतात. मोठ्या झटक्यात हा उपचार जितका लवकर होईल तितका स्नायू वाचतो.
४. बायपास : मुख्य वाहिनीत किंवा अनेक वाहिन्यांत अडथळे असल्यास शल्यचिकित्सक ही शस्त्रक्रिया करतात.
झडपांचे आजार, मंद ठोक्यांसाठी पेसमेकर आणि लहान मुलांच्या हृदयातील छिद्र यांवरही उपचार होतात. अंगणवाडीत किंवा शाळेत आरोग्य तपासणीत मुलाला हृदयदोष आढळल्यास ते पत्र जपून ठेवा आणि पुढील तपासणी टाळू नका.

खर्च कोण करते?
'आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक' ही एकत्रित योजना २०१८ पासून सुरू आहे. सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट ती राबवते.
• बीपीएल किंवा अंत्योदय शिधापत्रिकाधारक कुटुंब : वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार.
• इतर (एपीएल) कुटुंब : ठरलेल्या पॅकेज दराच्या ३० टक्के रक्कम शासन देते, मर्यादा वर्षाला दीड लाख रुपये. उरलेली रक्कम आपल्याला भरावी लागते.
ही मर्यादा एका व्यक्तीची नसून संपूर्ण कुटुंबाची आहे. योजना भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातील नेहमीच्या तपासण्या आणि स्वतः मागून घेतलेली खासगी खोली यांचा खर्च त्यात धरू नका.

कोणती कागदपत्रे लागतात?
• रुग्णाचे आधार कार्ड
• कुटुंबाची शिधापत्रिका
• आयुष्मान कार्ड, काढलेले असल्यास
• जुने ईसीजी, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी
आयुष्मान कार्ड ग्राम वन, कर्नाटक वन किंवा बंगळुरू वन केंद्रात आताच काढून ठेवा. रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. योजनेची नोंद आणि मंजुरीची माहिती तो देतो. कोणी योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी वेगळे पैसे मागितल्यास आरोग्यमित्राला सांगा किंवा १४५५५ या क्रमांकावर तक्रार करा.

आधीच तारीख ठरवून होणारी शस्त्रक्रिया योजनेतून खासगी रुग्णालयात करायची असल्यास सरकारी रुग्णालयाचे संदर्भपत्र लागते. कामानिमित्त महाराष्ट्रातून बंगळुरूत आला असाल आणि आपले आयुष्मान कार्ड असेल, तर तेही आरोग्यमित्राला दाखवा. हे कार्ड इतर राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही चालते.

घरी गेल्यावर
उपचार येथे संपत नाहीत. स्टेंट बसवल्यावर अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. झटक्यानंतर या दोन्ही गोळ्या साधारण वर्षभर चालतात. पुढे कोणती ठेवायची ते डॉक्टर सांगतात. 'आता बरे वाटते' म्हणून गोळ्या बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. दात काढताना किंवा दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळीही हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्या थांबवू नका. गोळ्यांचा खर्च झेपत नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जनऔषधी केंद्रात अशी अनेक औषधे कमी दरात मिळतात.

तंबाखू, गुटखा, विडी पूर्ण सोडा. रक्तदाब आणि साखर तपासत राहा. डिस्चार्ज कार्डाची एक प्रत घरी आणि एक फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी कोणत्याही डॉक्टरांना तोच आधी दाखवा.