किनाऱ्याचा रस्ता आणि चाकांवरचें बिऱ्हाड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ऑरेगॉन हें संस्थान पॅसिफिक महासागराच्या कांठीं वसलेलें आहे. उत्तरेस कोलंबिया नदीच्या मुखापासून दक्षिणेस कॅलिफोर्नियाच्या सीमेपर्यंत त्याचा किनारा सुमारें ३६० मैल लांब असून, त्याच्या कडेनें १०१ क्रमांकाचा राजमार्ग जातो. उन्हाळ्यांत या मार्गावर एक दृश्य वारंवार दृष्टीस पडतें. चाकरींतून मुक्त झालेलें एखादें वृद्ध जोडपें मोटारीमागें ट्रेलर, म्हणजे ओढून न्यावयाचें चाकांवरचें बिऱ्हाड, जोडून सावकाश चाललेलें असतें. आंत दोन बिछाने, चूल, पाण्याची टांकी आणि कपबशांचें फडताळ. कोणाच्या दारीं पाहुणे म्हणून जाणें नाहीं कीं कोणाची मिंधेगिरी नाहीं. पाहणारास वाटतें, स्वावलंबनाचें याहून चांगलें उदाहरण तें कोणतें! परंतु इतिहास पाहूं लागलें म्हणजे या स्वावलंबी संसाराखालीं सार्वजनिक कायद्याचा व सार्वजनिक खर्चाचा केवढा भक्कम पाया आहे, हें ध्यानांत येतें.

प्रथम बिऱ्हाडाचाच विचार करूं. मोटारी स्वस्त झाल्यावर अमेरिकन कुटुंबें तंबू बांधून प्रवासास निघूं लागलीं आणि १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टॅम्पा येथें अशा प्रवाशांनीं ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नांवाचें मंडळ स्थापिलें. ट्रेलरास नांवलौकिक मिळवून देणारा वॉली बायम हा ऑरेगॉनमधील बेकर सिटी येथें १८९६ सालीं जन्मला. बायमच्या पत्नीस तंबूंतील मुक्काम रुचेना. स्वयंपाकघरावांचून प्रवास तिला नको होता, असें सांगतात. त्या गृहिणीच्या हट्टांतून निघालेला उद्योग १९३६ सालीं ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ या अल्युमिनियमच्या गाडीपर्यंत पोहोंचला. तींत चौघांच्या निजण्याची सोय व विजेचे दिवे होते; किंमत मात्र १२०० डॉलर, म्हणजे त्या मंदीच्या दिवसांत सामान्य मनुष्याच्या आटोक्याबाहेरची होती.

पण गाडी मिळाली तरी ती न्यावी कोठून? या किनाऱ्यावर नद्यांचीं मुखें एकामागून एक येतात आणि तेथें वाहनांस तरीची वाट पाहत तिष्ठावें लागे. सरकारच्या सार्वजनिक बांधकाम प्रशासनानें पैसा पुरविला आणि संस्थानचे पूल-अभियंते कॉन्डी मॅककलॉ यांनीं याक्विना, अल्सी, सायस्लॉ, अम्पक्वा व कूस या पांच ठिकाणीं पूल उभारिले. ते १९३६ सालीं, क्लिपर बाजारांत आली त्याच वर्षीं, पूर्ण झाले. खाऱ्या हवेनें अल्सीचा पूल जर्जर झाल्यामुळें १९९१ सालीं त्याच्या जागीं नवा बांधावा लागला. बाकीचे चार आजही उभे आहेत.

पूल झाले, परंतु समुद्र दुरूनच पाहावयाचा असेल तर प्रवासाचा उपयोग काय? १९१३ सालीं गव्हर्नर ऑस्वल्ड वेस्ट यांनीं एक युक्ति योजिली. भरती-ओहोटीच्या रेषांमधील वाळू हा सार्वजनिक हमरस्ता आहे, असा कायदाच त्यांनीं करवून घेतला. वाळूवरून खरोखरच वाहनें जात असत, म्हणून तें कोणास वावगें वाटलें नाहीं. पुढें १९६६ सालीं कॅनन बीच येथील एका विश्रामगृहानें आपल्यापुढील कोरडी वाळू कुंपण घालून केवळ आपल्या पाहुण्यांसाठीं राखली, तेव्हां मोठा गहजब उडाला. मालकांचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. कागदोपत्रीं जमीन त्यांचीच होती. तथापि १९६७ सालीं गव्हर्नर टॉम मॅकॉल यांच्या सहीनें झालेल्या कायद्यानें झाडोऱ्याच्या रेषेपर्यंत लोकांची वहिवाट मान्य केली, आणि १९६९ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें पिढ्यान्‌पिढ्यांच्या रूढीचा आधार घेऊन लोकांचा हक्क उचलून धरिला.

राहिली फुरसत. कष्टकरी मनुष्यास म्हातारपणीं ती मिळाली, तीही कायद्यानेंच. १४ ऑगस्ट १९३५ रोजीं वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला. १९३९ च्या दुरुस्तीनें पासष्टी गांठलेल्या पत्नीस पतीच्या रकमेच्या निम्मी रक्कम देण्याचें ठरलें. १९४० च्या जानेवारींत पहिलें मासिक पेन्शन दिलें गेलें, तें २२ डॉलर ५४ सेंट होतें. शेतमजूर व घरकामाचे नोकर यांस मात्र आरंभीं यांतून वगळलें होतें. ज्यांच्या अंगीं श्रम सर्वांत अधिक, त्यांचेच म्हातारपण उघड्यावर राहिलें. १९५० च्या दुरुस्तीनंतर त्यांतील पुष्कळांचा समावेश झाला.

आज सायंकाळीं एखादें वृद्ध जोडपें ट्रेलर तळावर लावून, दोन खुर्च्या घेऊन वाळूंत येऊन बसतें. खुर्च्या त्यांच्या स्वतःच्या असतात. बसावयास जागा, तेथवर येण्यास वाट आणि बसण्यास वेळ या तीन गोष्टी मात्र पूर्वींच्या लोकांनीं भांडून, खर्चून व कायद्यांत लिहून त्यांच्यासाठीं राखून ठेविल्या आहेत.