आचरेकर सरांची स्कूटर आणि तेंडुलकरांचं घर

गेल्या रविवारी ताईने फर्मान काढलं, "तू ऑफिसात दिवसभर मेलच लिहितोस ना? मग याच्या कोचला एक कडक मेल ड्राफ्ट करून दे." भाचा दहा वर्षांचा. क्रिकेटच्या क्लासला जातो आणि या वेळी टीममध्ये त्याचं नाव आलं नाही. भावजींनी मुद्देही काढून ठेवले होते: फी किती भरली, नेटमध्ये किती बॉल खेळायला मिळतात, आणि त्याला खाली बॅटिंगला का पाठवतात.

आदल्याच दिवशी मी त्याला ग्राऊंडवर सोडायला गेलो होतो. जाळीमागे पालकांची ही गर्दी! कोच म्हणतो, "बॉल येऊ दे, थांब." जाळीमागून आवाज येतो, "अरे पुढे जाऊन मार ना!" पोरगं बिचारं दोन्हीकडे बघतं आणि बोल्ड होतं. आपण कोड लिहिताना क्लायंट शेजारी खुर्ची टाकून बसला आणि प्रत्येक ओळीवर कॉमेंट करू लागला, तर काय होईल? सेम टू सेम.

मेल लिहायला बसलो खरा, पण डोक्यात सारखं शिवाजी पार्क येत होतं.

साल १९८४. अजित तेंडुलकर आपल्या अकरा वर्षांच्या धाकट्या भावाला घेऊन रमाकांत आचरेकरांकडे गेला. सर स्टेट बँकेत नोकरीला. स्वतःच्या नावावर फर्स्ट क्लास मॅच फक्त एक. पण मुंबईतली पोरं घडवावीत तर त्यांनीच. ट्रायलला सचिन इतका बुजला की त्याला धड खेळताच येईना. अजितने काय केलं? सरांशी वाद घातला नाही, की भावाला झापलं नाही. त्याने फक्त विनंती केली की अजून एक संधी द्या, आणि तुम्ही गेल्यासारखं करून लांबून बघा. सरांनी ऐकलं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

आपल्याला पाठ नसतं ते घरातलं. वडील रमेश तेंडुलकर कवी आणि कीर्ती कॉलेजात मराठीचे प्राध्यापक, आई रजनी एलआयसीत. म्हणजे दोघंही नोकरी करणारे, आपल्या आईबाबांसारखेच. शाळा बदलून दादरच्या शारदाश्रममध्ये घाला, असं सरांनी सुचवलं. मध्यमवर्गीय मराठी घरात, तेही प्राध्यापकाच्या, खेळासाठी शाळा बदलायची? वडिलांनी मुलाला समोर बसवलं आणि सांगितलं की माझी हरकत नाही, पण क्रिकेट खरंच मनापासून खेळणार असशील तरच बदल. झालं. निर्णय मुलावर सोपवला आणि शब्द सरांचा राखला.

मग वांद्र्याहून रोज बसने जा-ये करून पोरगं दमायला लागलं, तेव्हा शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या काका-काकूंनी त्याला ठेवून घेतलं. एक-दोन महिने नाही, चार वर्षं! अकरा-बारा वर्षांचं शेंडेफळ दुसऱ्या घरी पाठवताना आईला काय वाटलं असेल, याचा हिशोब कुठल्याच स्कोअरबोर्डवर नाही.

सरांचं काम सर करत होते. प्रॅक्टिस बुडवून सोसायटीत खेळताना सापडला की स्कूटरवर बसवून थेट मैदानात न्यायचे. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो आउट करेल त्याचं, आणि सचिन शेवटपर्यंत टिकला तर त्याचं. सरांनी नाणं ठेवावं, घरच्यांनी जेवण, झोप आणि जाण्यायेण्याची सोय बघावी, अशी सरळ वाटणी. आपल्या भाषेत, दोन मोड्यूल्स आणि मधे क्लीन इंटरफेस.

आता कुणी म्हणेल, सगळंच डोळे मिटून ऐकायचं का? नाही बॉस. सरांनी एकदा सचिनच्या कानाखालीही दिली होती, कारण ठरलेली मॅच सोडून तो दुसऱ्यांची मॅच बघायला गेला होता. तो किस्सा आपण कौतुकाने सांगतो, पण आज ते चालणार नाही, चालूही नये. शाळेत शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंदी आहे. मुलाला मार बसत असेल, भीती वाटत असेल, तर पालकांनी मधे पडलंच पाहिजे. पण बॅटिंग ऑर्डर ही काही मधे पडायची गोष्ट नव्हे.

आणि हो, भाचा सचिन होणार नाही, हे मलाही कळतं. शिवाजी पार्कावर घाम गाळलेली हजारो पोरं सचिन झाली नाहीत. म्हणून तर मुद्दा जास्त महत्त्वाचा. टीममध्ये नाव न येणं पचवायला तो शिकणार कुणाकडून? कोच सांगणार "मेहनत कर", आणि घरी ऐकणार "कोचला काही कळत नाही". दहा वर्षांच्या पोराने कुणाचं खरं मानायचं?

नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन वानखेडेवर शेवटची टेस्ट खेळला, तेव्हा मी शाळेत होतो. त्याच्या आईने त्याला मैदानात बसून खेळताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. दोनशेवी टेस्ट! आणि आमच्या भावजींना एक नेट सेशन बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

मेल मी पाठवला नाही. ताईला हे सगळं ऐकवलं. ती आधी चिडली, मग गप्प झाली. या शनिवारी तिने कोचला एवढंच विचारलं, "सर, घरी आम्ही काय करू?"

कोच दोन सेकंद बघतच राहिला. मग म्हणाला, "रात्री लवकर झोपवा, किट त्याचं त्याला भरू द्या. आणि परत जाताना गाडीत मॅचबद्दल बोलू नका."

येताना गाडीत कुणीच मॅचबद्दल बोललं नाही. भावजींना फार जड गेलं. सिग्नलला भाचा आपणहून म्हणाला, "मामा, आज सरांनी सांगितलं तसा थांबलो ना, तर बॉल नीट लागला."

असो. पुढच्या वीकेंडला भेटूच.