छायाचित्रकाराचे स्वतःचे संकेतस्थळ : आकार, स्थाननोंद आणि स्वामित्वहक्क

बेंगळुरू : शहराच्या उत्तरेकडील हेब्बाळ तलाव 1537 च्या सुमारास केंपेगौडांच्या काळात बांधला गेला, असे मानले जाते. झोळीवाला, पाणकावळे, जांभळी पाणकोंबडी आणि हिवाळी पाहुणी बदके टिपण्यासाठी छायाचित्रकार येथे येतात. अशा छायाचित्रांचा संग्रह हव्या त्या क्रमाने व दर्जाने मांडण्यासाठी स्वतःचे संकेतस्थळ उपयुक्त ठरते. मात्र समाजमाध्यमे आपोआप करतात ती काही कामे येथे स्वतःच करावी लागतात.

आकार : 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील छायाचित्र साधारण 6000 बाय 4000 पिक्सेलचे, तर त्याची जेपेग फाइल सुमारे 10 एमबीची असते. अशी 20 छायाचित्रे एका पानावर ठेवल्यास पाहणाऱ्याला 200 एमबी डेटा खर्चावा लागेल. लांब बाजू 2000 पिक्सेलपर्यंत कमी केल्यास बहुधा अर्ध्या एमबीत काम भागते. गुगलने 2010 मध्ये आणलेल्या वेबपी प्रकारात फाइल आणखी लहान होते.

मांडणी : संकेतलेखन येत नसल्यास 2003 पासून उपलब्ध असलेली वर्डप्रेस ही मुक्त प्रणाली सोयीची आहे. संकेतलेखन जाणणाऱ्यांना 2017 पासून प्रमुख ब्राउझरांत रुळलेल्या सीएसएस ग्रिडने मोबाइल व संगणक या दोन्हींना साजेशी चौकट आखता येते. पडद्यावर येईपर्यंत छायाचित्र न उतरवण्याची सोयही आता ब्राउझरांतच असते. पत्ता मराठीत हवा असल्यास 2014 पासून देवनागरीतील ‘.भारत’ हे क्षेत्रनाम उपलब्ध आहे.

स्थाननोंद : मोबाइलने घेतलेल्या छायाचित्रात अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. अनेक समाजमाध्यमे ही नोंद काढून टाकतात. स्वतःच्या संकेतस्थळावर मूळ फाइल चढवल्यास ती तशीच राहते. घरट्याचे छायाचित्र असेल, तर त्यातून घरट्याचा नेमका ठिकाणा उघड होतो आणि गर्दी वाढल्यास पक्षी घरटे सोडूनही जाऊ शकतात. म्हणून फाइल चढवण्यापूर्वी स्थाननोंद पुसावी. मात्र त्याच माहितीत छायाचित्रकाराचे नावही असू शकते. ते कायम ठेवावे.

स्वामित्वहक्क : स्वामित्वहक्क कायदा, 1957 नुसार छायाचित्र टिपणारी व्यक्ती त्याची कर्ती ठरते. 2012 च्या दुरुस्तीनंतर हे संरक्षण कर्त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर 60 वर्षे मिळते. हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. तरीही मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा हक्क वेगळा करार नसल्यास काम देणाऱ्याकडे जाऊ शकतो. त्यामुळे असे छायाचित्र संकेतस्थळावर ठेवण्याआधी लेखी परवानगी घेणे हिताचे ठरते.