कोपऱ्यातली तारीख

किल्लारीच्या भूकंपावर आपल्या भागातल्या काही पोरांनी माहितीपट केलाय. परवा कच्चा कट दाखवायला घरी आले. मेहनत मोठी आहे, हे आधीच सांगतो. ड्रोनमधून दिसणारे पुनर्वसित गावांचे सरळ रस्ते, एकसारखी घरं, सगळं चकचकीत एचडी. मध्येमध्ये १९९३ च्या व्हीएचएस कॅसेटवरचं चित्रण. शेजारच्या एक आजीही बघायला बसल्या होत्या. ढिगाऱ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाकडं बोट करून म्हणाल्या, "हे तर आमचे भाऊजी! पण इतके जाड कधी झालते?"

भाऊजी जाड नव्हते. चित्र ताणलं होतं.

एशियाडच्या वेळी, १९८२ ला, दूरदर्शन रंगीत झालं आणि पुढच्या काही वर्षांत व्हिडिओ गावोगाव पोचला. आधी भाड्याचा व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर, मग लग्नाचं शूटिंग. आपल्या माहितीपटातली कॅसेट अशाच एका शूटिंगवाल्याची आहे. सुरुवातीला गणपती विसर्जनाची मिरवणूक. गुलाल, बँजो, नाचणारी पोरं. मग क्षणभर पडद्यावर मुंग्या, आणि थेट ढिगारे. लोक विसर्जन आटोपून झोपले होते आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. गड्यानं सकाळी तीच कॅसेट पुढं चालू केली. खाली कोपऱ्यात कॅमेऱ्यानं तारीख छापलीय.

पोरांच्या कटमध्ये ती तारीख बऱ्याच ठिकाणी नाही. का, ते सांगतो.

जुनं चित्र चारास तीन, आजचा पडदा सोळास नऊ. आपल्या पाल पद्धतीत ६२५ रेषा, त्यातल्या चित्राच्या ५७६. डिजिटल केल्यावर ७२० बाय ५७६ ठिपके. एचडीत १९२० बाय १०८०, म्हणजे बरोबर पाचपट. व्हीएचएसवर प्रत्यक्षात तपशील त्याहूनही कमी उतरतो. हे चित्र पूर्ण उंचीनं बसवलं तर रुंदी होते १४४०, आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहतात. पोरांना पट्ट्या नको होत्या. मग कुठं ताणलं, तर माणूस एक तृतीयांशानं रुंद झाला. कुठं वरखाली कापलं, तर चौथा हिस्सा गेला आणि त्याबरोबर तारीखही.

हलत्या चित्राची अडचण वेगळी. टेपवर सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. जुन्या टीव्हीवर हे कळायचं नाही. संगणकावर तसंच घातलं की धावणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. निम्म्या रेषा फेकून दिल्या की दात जातात, तपशीलही जातो. पोरांनी तेच केलंय. त्या ५० अर्ध्यांची ५० पूर्ण चित्रं करता येतात, फक्त वेळ लागतो.

मला खरा राग आला तो पुढच्या प्रसंगाला. तिथं एआयनं चेहरे 'साफ' केलेत. टेपवर डोळ्याच्या जागी चार पुसट ठिपके असतील तर यंत्र डोळा आणणार कुठून? दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून अंदाजानं काढणार. त्या पहाटे हजारो माणसं गेली. कित्येकांचा फोटो मागं उरला नाही, कारण तो ज्या भिंतीवर होता ती भिंतच उरली नाही. अशांच्या तोंडावर आपण अंदाजाचे डोळे बसवायचे?

जुन्या-नव्याचा हा पेच मोठमोठ्यांनाही पडलाय. आसिफ कपाडियांच्या २०१९ च्या मॅराडोनावरच्या माहितीपटात ऐंशीच्या दशकातल्या नेपल्सचं जुनं चित्रण आहे. त्यांनी आजच्या मुलाखतींतले चेहरे दाखवलेच नाहीत, नुसते आवाज घेतले. चिलीच्या पाब्लो लार्राइननं तर 'नो' या २०१२ च्या सिनेमात नवं चित्रणच जुन्या यू-मॅटिक कॅमेऱ्यांवर केलं, म्हणजे १९८८ च्या जनमताच्या वेळचं खरं फुटेज त्यात मिसळून जावं. तो कथापट होता, त्यात चालतं. आपल्या पोरांकडं मात्र एकच कॅसेट आहे आणि ती पुरावा आहे.

पोरांना म्हटलं, पट्ट्या राहू द्या, एआय काढा, तारीख दिसू द्या. जुनं चित्र धूसर दिसलं तर दिसू दे. थोडी कुरकुर झाली, पण पटलं. अडचण अशी की त्यांनी काम केलंय ते कधीतरी कुणीतरी उतरवलेल्या सीडीवरून. मूळ कॅसेट पुन्हा नीट उतरवायला हवी. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिनंही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. पोरांना एक मिळाला, तो टेप खातो.

तेव्हा कुणाच्या माळ्यावर चालू स्थितीतला व्हीसीआर असेल तर कमेंटमध्ये कळवा. चार हेडचा असेल तर उत्तमच. कॅसेटवर थोडी बुरशी आहे, ती जाणकाराकडून साफ करून घेतल्याशिवाय तुमच्या मशीनमध्ये घालणार नाही. कॅसेट घेऊन मी स्वतः येईन.